पोडियमवरची फुलपाखरू बाग: ठाण्यातल्या एका सोसायटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्यालगतची ही सोसायटी. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. झाडं, घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. मी तिथे राहत नाही. झाडं निवडून द्यायला मला बोलावलं होतं, आणि नंतर पाय तिथून निघालाच नाही.

इमारतींच्या मागे नाला आहे, नाल्यापलीकडे रिकामा प्लॉट आणि त्याच्या मागे येऊरचा डोंगर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल इथून हाकेच्या अंतरावर सुरू होतं. या प्रकरणात सगळ्यात मोठं भांडवल हेच होतं. फुलपाखरं आणावी लागत नाहीत, डोंगरावरून ती रोज उतरतातच. ती आपल्या आवारात थांबतील की वरून निघून जातील, एवढाच प्रश्न असतो.

बाग दोन तुकड्यांत होती. पहिला तुकडा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर. तिथे मातीचा थर जेमतेम दोन फुटांचा, त्यावर बिल्डरने दिलेलं लॉन, फॉक्सटेल पामच्या रांगा आणि चौकोनी कापलेला पिवळा ड्युरँटा. दुसरा तुकडा मागच्या कंपाउंडच्या भिंतीलगत, खऱ्या जमिनीवर: दहा-बारा फूट रुंदीची लांबलचक पट्टी, तिच्यात इमारतीच्या आधीपासूनचा एक आंबा आणि भिंत झाकायला लावलेली कोनोकार्पसची रांग. या पट्टीकडे कुणी फिरकत नसे. कुंड्यांची खापरं, फुटक्या लाद्या आणि उरलेले पाइप तिथे पडलेले असत.

देखभाल एका ठेकेदाराकडे होती. वार्षिक कंत्राटात लॉन कापणं, छाटणी, खत आणि महिन्यातून एकदा कीटकनाशकाची फवारणी. ही शेवटची ओळ लक्षात ठेवावी, कारण पुढचं बहुतेक सगळं तिच्याभोवती फिरतं.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ज्येष्ठ नागरिकांच्या गटाने विषय मांडला: मुलांना फुलपाखरं दिसतील, पक्षी येतील अशी बाग करावी. ठराव एकमताने झाला. झाडांवरून कुणी सहसा भांडत नाही. भांडण झालं ते अळ्यांवरून, आणि ते अजून लांब होतं.

अडचण

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ठेकेदाराने आपल्या परीने काम केलेलं होतं. प्रवेशद्वाराजवळ पेंटास, इक्झोरा, कुफिया आणि झेंडू. फुलं भरपूर. ऑक्टोबरच्या उन्हात फुलपाखरं येत होती, मध पीत होती आणि पाच-दहा मिनिटांत भिंतीपलीकडे नाहीशी होत होती. पक्ष्यांत कबुतरं, कावळे आणि साळुंक्या. सचिव म्हणाले, "अहो, फुलं एवढी आहेत, आणखी किती लावायची?"

फुलांची कमतरता नव्हती. मध ही पूर्ण वाढलेल्या फुलपाखराची गरज. मादी हिंडत असते ती पानासाठी, आणि तेही वाटेल त्या पानासाठी नाही. कॉमन मॉरमॉन आणि लाइम ही फुलपाखरं कढीपत्ता, लिंबू, बेल यांच्या कुळाबाहेर सहसा अंडी घालत नाहीत. प्लेन टायगरला रुई किंवा तिच्या नात्यातलं चिकाचं झाड लागतं. टेल्ड जेला सीताफळ किंवा उंच वाढणारा खोटा अशोक, कॉमन बॅरनला आंबा, टॉनी कॉस्टरला कृष्णकमळ आणि त्याचे भाऊबंद. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी टकटक करून पानाची चव घेते आणि नको असेल तर उडून जाते. तिला नको असलेल्या पानांनी बाग कितीही हिरवीगार दिसली तरी तिच्या लेखी ती जागा ओसाडच.

तरी बाग अगदीच निरुपयोगी नव्हती. इक्झोरावर मंकी पझल नावाचं चिमुकलं फुलपाखरू वाढतं, पामवर पामफ्लाय वाढतं, गवतावर ईव्हनिंग ब्राऊन. या सोसायटीत तिन्ही झाडं होती, अळी मात्र एकाही झाडावर सापडली नाही, कारण दर महिन्याला पंप फिरत होता. अंड्यातून अळी तीन-चार दिवसांत बाहेर येते, पुढे साधारण दोन आठवडे खाते, मग आठ-दहा दिवस कोशात असते. महिन्याच्या फवारणीतून एखादी पिढी नशिबाने सुटली तरी पुढची सुटत नाही.

पक्ष्यांचं दुखणंही इथेच होतं, आणि हे बैठकीत पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लोकांच्या मनात पक्षी म्हणजे दाणे आणि फळं. पण शिंपी, राखी वटवट्या, दयाळ हे सगळे पिलांना अळ्या आणि किडेच भरवतात. फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांच्या चोचीत कोळी आणि किडे घालतो. जिथे पान कुणी खात नाही तिथे घरटं करून शिंप्याने पिलांना द्यायचं काय? फुलपाखरांसाठी एक बाग आणि पक्ष्यांसाठी दुसरी, अशी वाटणी होतच नाही. दोघांचा संसार त्याच कुरतडलेल्या पानावर चालतो.

समोरचे पर्याय

पहिला प्रस्ताव ठेकेदाराचा: तयार 'बटरफ्लाय गार्डन'. घाणेरीच्या रंगीत संकरित जाती, हंगामी फुलं, फायबरच्या फुलपाखरांची कमान, फोटो काढायला बाक. काम महिनाभरात पुरं. खर्च समितीला परवडणारा होता आणि समितीतले निम्मे लोक त्या बाजूला झुकले होते.

दुसरी कल्पना एका सभासदाने आणली. त्यांनी सिंगापूरच्या चांगी विमानतळावरची बंदिस्त फुलपाखरू बाग पाहिली होती. पोडियमवर जाळीचं घर उभारून त्यात फुलपाखरं सोडावीत, असं त्यांचं म्हणणं. ही कल्पना लवकर मागे पडली. जाळीच्या आत रोज निगा राखणारं माणूस लागतं. आपल्याकडच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत, त्यांना पकडणं गुन्हा आहे. शिवाय डोंगर दाराशी असताना फुलपाखरांना कोंडायचं कशासाठी?

तिसरा पर्याय माझा: अळ्यांच्या खाद्यवनस्पती लावायच्या, मध देणारी झुडपं जोडीला ठेवायची, फवारणी थांबवायची आणि वाट पाहायची. याची अडचण उघड होती. पहिलं वर्षभर दाखवण्यासारखं फारसं काही दिसणार नव्हतं, आणि जे दिसणार होतं ते भोकं पडलेली पानं.

चौथा पर्याय सोसायटीच्या माळीकाकांनी सुचवला. ते जव्हारकडचे. मागच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं पाऊस पडला की आपोआप टाकळा येतो, दिंडा येतो. आम्ही उपटून टाकतो. उपटलं नाही तर?" बैठकीत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणी होती.

निर्णय झाला तो बैठकीत नाही, सहलीत. घोडबंदर रस्त्यावरच ओवळ्याला ओवळेकरवाडी आहे. जाळी नाही, छत नाही. खाद्यवनस्पती लावून फुलपाखरांना थारा दिलेली मोकळी जागा. एका रविवारी सोसायटीतली काही मंडळी मुलांना घेऊन तिकडे गेली. कुरतडलेली पानं तिथे सगळ्यांनी कौतुकाने पाहिली. एका आजींनी कढीपत्त्यावरची अळी बोटाने हळूच डिवचली आणि तिने डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढलं, आंबूस उग्र वास सोडला. पक्ष्याला, मुंगीला घाबरवायचा तिचा उपाय. आजी तिथेच ठरवून आल्या. पुढे समितीत आमची बाजू त्यांनीच लढवली.

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करायचं ठरलं. एक वाद मात्र बराच चालला: घाणेरी. मध उत्तम, फुलं बारमाही, फुलपाखरांची गर्दी खात्रीची. पण तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बी डोंगरावर नेऊन टाकतात. आपल्या जंगलांत घाणेरीने माजवलेलं रान ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. जंगलापासून दूर एखाद्या गच्चीवर कुंडीत लावली तर मी फार बोलणार नाही. येऊरच्या पायथ्याशी मात्र ती लावू नये, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन. तिच्या जागी पेंटास राहिलं, जोडीला शेरवड, निर्गुडी आणि दिंडा आले.

काय केलं

पोडियमवर काय लावायचं हे आधी मातीने आणि नंतर स्लॅबने ठरवलं. वड, पिंपळ, उंबर ही पक्ष्यांची आवडती झाडं, पण त्यांची मुळं वॉटरप्रूफिंगची वाट लावतात. अभियंत्यांनी स्पष्ट नाही म्हटलं आणि ते बरोबर होतं. लॉनचा साधारण तिसरा भाग काढून तिथे कढीपत्ता, कागदी लिंबू, कृष्णकमळाची वेल, कोरांटी, चित्रक आणि जास्वंद लावली. कोरांटीवर पॅन्सी गटातली फुलपाखरं वाढतात, चित्रकावर झेब्रा ब्लू. उरलेल्या लॉनमध्ये आंबुशी आणि एकदांडी आली तर खुरपायची नाही, असं माळीकाकांशी ठरलं. आंबुशीच्या पानांवर पेल ग्रास ब्लूच्या अळ्या पोसतात, आणि एकदांडीच्या चिमूटभर फुलांवर जेवढी फुलपाखरं उतरतात तेवढी महागड्या हंगामी फुलांवर उतरत नाहीत.

मागच्या पट्टीत बेल, सीताफळ, तुती, पांगारा, धायटी, रुई आणि सापसंदाचा वेल. सापसंद कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझसाठी. नर्सरीवाल्याने तिच्याऐवजी त्याच गटातली परदेशी बदकवेल देऊ केली होती, तिची फुलं मोठी आणि दिसायला झोकदार. ती घेतली नाही. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाच्या फुलपाखराची मादी याच गटातल्या परदेशी वेलीवर फसून अंडी घालते आणि अळ्या विषाने मरतात, हे तिथे नीट नोंदलेलं आहे. देशी वेल मिळत असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

कोनोकार्पस एकदम तोडला नाही. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातल्याची बातमी कुणीतरी ग्रुपवर टाकली होती आणि काहींना तो लगेच उपटायचा होता. पण तो भिंतीपलीकडची धूळ अडवत होता, आणि झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. म्हणून छाटून खाली ठेवायचा आणि मध्ये मध्ये देशी झाडं वाढवायची, असा सावकाशीचा मार्ग धरला. आंब्यावरचं बांडगूळही अर्धं ठेवलं. कॉमन जेझबेल, ज्याला बरेच जण हळदीकुंकू म्हणतात, ते बांडगुळावरच अंडी घालतं, आणि फुलटोच्या हा पक्षी त्याची फळं खातो. सगळं ठेवलं असतं तर आंबा खंगला असता.

नर्सरीतून आलेली रोपं लगेच जमिनीत लावली नाहीत. विक्रीच्या रोपांच्या मातीत बरेचदा मुळांतून पानांत भिनणारं कीटकनाशक घातलेलं असतं. पान टवटवीत दिसतं आणि ते खाणारी अळी मरते. म्हणून रोपं काही आठवडे एका कोपऱ्यात ठेवली, जुनी पानं काढली, नवी फूट आल्यावर लागवड केली. जूनचा पहिला जोर ओसरल्यावर सगळं जमिनीत गेलं.

पहिला कसोटीचा क्षण: पंप

ऑगस्टमध्ये कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. मुलांनी मोजून ठेवल्या, नावंही दिली. त्याच आठवड्यात ठेकेदाराचा सुपरवायझर आला आणि कंत्राटाप्रमाणे फवारणी करवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या काळ्या पडून पानांना लटकत होत्या.

समितीत संताप झाला. ठेकेदाराला दंड करा, माळी बदला. पण माळीकाकांनी सांगितलेलं काम केलं होतं आणि सुपरवायझरने लिहिलेलं. फवारणी थांबवायचं सगळ्यांनी तोंडी ठरवलं होतं, कागद मात्र जुनाच होता. समितीने इथे जे केलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल वाटतं: माणसं बदलण्याऐवजी कंत्राट बदललं. नव्या कंत्राटात तीन गोष्टी आल्या. ठरावीक तारखेची फवारणी बंद. कुठलंही औषध मारायचं तर आधी बाग समितीतल्या दोघांची सही. आणि हिरवी फीत बांधलेल्या झाडांना काहीच लावायचं नाही.

तरी पळवाट राहिलीच. पुढच्या महिन्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला आणि ठेकेदाराने निंबोळी तेल फवारलं, शेजारच्या लिंबावरही उडालं. "हे तर सेंद्रिय आहे," असं त्याचं म्हणणं, आणि ते मनापासून होतं. पण निंबोळीतला घटक अळीची भूक मारतो आणि कात टाकण्यात अडथळा आणतो. अळीला औषध सेंद्रिय की रासायनिक याने काही फरक पडत नाही. तेव्हापासून पिठ्या ढेकणाला फक्त पाण्याचा जोरदार फवारा आणि फार झालं तर फांदी कापणं. रुईवरचा पिवळा मावा तर तसाच ठेवला. दोन आठवड्यांत लेडीबर्ड भुंग्यांनी तो संपवला.

दुसरा कसोटीचा क्षण: बोडकी झाडं आणि शनिवारची रुई

फवारणी थांबली आणि तक्रारी सुरू झाल्या. एका काकूंचा कढीपत्ता, म्हणजे त्यांच्या जिन्यासमोरचा, बोडका झाला. अध्यक्ष म्हणाले, "आपण पैसे फुलपाखरांसाठी मोजले, अळ्यांसाठी नाही." माणूस वाईट नाही, त्यांना सभासदांना उत्तर द्यायचं होतं. त्यांना एकच विनंती केली: महिनाभर थांबा. कढीपत्ता जोमाचा असेल तर बोडका झाल्यावर फुटतोच, आणि तो फुटला. दरम्यान स्वयंपाकासाठी दोन झाडं जाळीने झाकून वेगळी ठेवली. काकूंची तक्रार रास्त होती, तिला एवढं उत्तर द्यायला हवंच होतं.

खाज येण्याची भीतीही होती. पावसाळ्यात शेवग्यावर येणारे केसाळ सुरवंट सगळ्यांना माहीत, त्यामुळे अळी म्हटली की अंगावर काटा. ते पतंगाचे सुरवंट. कढीपत्त्यावरची किंवा रुईवरची गुळगुळीत अळी हातावर घेतली तरी काही होत नाही, हे मुलांनीच आईवडिलांना दाखवून दिलं.

रुईची गोष्ट निराळी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ती मुलांच्या खेळापासून दूर, मागच्या पट्टीत लावली होती. प्लेन टायगर तिथे लवकर आलं. त्याची अळी खायला सुरुवात करण्याआधी काय करते ते जवळ बसून पाहण्यासारखं आहे: पानाची शीर आधी कुरतडून ठेवते, चीक तिथून वाहून जाऊ देते आणि मग पुढचा, चीक आटलेला भाग निवांत खाते. हे सगळं सुरळीत चाललं असताना शनिवारी सकाळी पानं गायब होऊ लागली. मारुतीच्या माळेसाठी लोक तोडून नेत होते, पानांखालच्या अंड्यांसकट. यावर 'पानं तोडू नये' अशी पाटी लावणं सोपं होतं आणि चुकीचं ठरलं असतं. ज्या बागेत मारुतीला पान मिळत नाही ती बाग सोसायटीने आपली मानली नसती. म्हणून गेटजवळ सावधगिरीची सूचना लावून दोन रुया पूजेसाठी लावल्या आणि मागच्या पट्टीतल्या रुया फुलपाखरांसाठी सोडल्या. श्रावणात बेलाचंही तसंच ठरलं. त्यानंतर तक्रार आली नाही.

तिसरा कसोटीचा क्षण: डेंग्यू

दुसऱ्या पावसाळ्यात सप्टेंबरमध्ये सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले. एका तरुण मुलीला रुग्णालयात ठेवावं लागलं. बागेकडे बोटं वळणं स्वाभाविक होतं. झाडोरा वाढला, त्यात पाणी साचतं, आठवड्याला धूरफवारणी करा, असा अर्ज आला आणि त्यावर सह्याही भरपूर होत्या.

धूर मच्छर मारतो तसाच झुडपात विसावलेलं फुलपाखरूही मारतो. पण हा मुद्दा त्या बैठकीत पुढे करायचा नाही, असं बाग समितीने ठरवलं, आणि ते शहाणपणाचं होतं. घरातलं माणूस तापाने फणफणत असताना फुलपाखरांची वकिली कोण ऐकेल, आणि का ऐकावी? त्याऐवजी मच्छर कुठे तयार होतात ते शोधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. डेंग्यूचा एडिस मच्छर स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि धुराने मरतात ते फक्त उडणारे मच्छर, पाण्यातल्या अळ्या नाहीत. दोन रविवार मंडळी घरोघर गेली. अळ्या सापडल्या त्या बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत, एका गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खोळीत आणि पोडियमच्या पाणी निचऱ्याच्या जाळीखाली. फुलपाखरांसाठी ठेवलेल्या चिखलपानाच्या (ओल्या मातीतले क्षार शोषण्याच्या) परातीत नव्हत्या, कारण तिला खाली भोक होतं आणि तिच्यात नुसती ओली वाळू असायची.

आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरला. त्या दिवशी साचलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. जिथून पाणी काढता येत नाही त्या निचऱ्याच्या खड्ड्यांत बीटीआय. हे जिवाणूजन्य औषध मच्छरांच्या अळ्या मारतं. खरेदी करताना नाव नीट बघावं लागतं, कारण याच जिवाणूचा दुसरा प्रकार, कुरस्ताकी, नेमका पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी विकला जातो. धूरफवारणी पूर्ण नाकारली नाही. रुग्ण असलेल्या विंगेत, पार्किंगमध्ये आणि डक्टमध्ये ती झाली. मागची पट्टी आणि हिरव्या फितीची झाडं वगळली. काही फुलपाखरं त्यातही गेली असणार. हा व्यवहार मला मान्य आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत

पक्ष्यांसाठी एका देणगीदाराने दाण्यांची टांगती भांडी लावली होती. आठवडाभरात कबुतरांनी ताबा घेतला, डक्टमध्ये विष्ठेचे थर साचले. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होतात, आणि २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून उठलेलं वादळ सगळ्यांनी पाहिलेलं होतं. देणगीदाराचा मान राखून भांडी उतरवली आणि त्यांच्याच नावाने उथळ पाण्याची दगडी परात ठेवली, जिचं पाणी रोज बदललं जातं. बुलबुल आणि दयाळ तिथे आंघोळीला येतात.

बाकी पक्षी आपणहून आले. तुतीला फळं धरली तेव्हा चष्मेवाल्यांचे थवे. जास्वंदीवर शिंजीर, आणि मग एका दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपड्यांच्या तारेला त्याचं लोंबतं घरटं. त्या घराने जवळजवळ महिनाभर तार वापरली नाही. शिंप्याने तुतीची पानं शिवून घरटं केलं आणि दिवसभर जवळच्या लिंबावरच्या अळ्या नेत राहिला. काही मुलं रडकुंडीला आली, त्यांनी नावं दिलेल्या अळ्या होत्या त्या. त्यांना जाळी लावू दिली नाही. एवढ्या अंड्यांतून थोडीच फुलपाखरं होतात आणि उरलेल्यांवर पिलं वाढतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

निष्पत्ती

दुसऱ्या पावसाळ्यानंतर सोसायटीच्या नोंदवहीत फुलपाखरांच्या तीसेक जाती होत्या. त्यातल्या निम्म्याहून कमी आवारात अंडी घालतात, बाकी पाहुण्या. ब्लू मॉरमॉन, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, दिंडा फुलला की येतं. मुसळधार पावसाच्या उघडिपीत ते निळंकाळं मोठं फुलपाखरू मागच्या पट्टीत उतरलं की खिडक्यांतून हाका सुरू होतात.

सगळं जमलं नाही. धायटी जगली पण फुलली नाही. दुपारनंतर इमारतीची सावली तिच्यावर येते. सापसंद पहिल्या पावसात पाणी साचून कुजलं, दुसऱ्यांदा उंचवट्यावर लावलं तेव्हा टिकलं आणि मग कॉमन रोझने अंडी घातली. पोडियमवर एप्रिल-मे महिन्यांत मातीचा पातळ थर तापतो आणि बाग अगदी उदास दिसते. कोनोकार्पस अजून अर्ध्या लांबीत उभा आहे. आणि टाकळा राखला म्हणून पहिल्या पावसात निम्मा भाजीसाठी खुडला जातो, ज्याला माळीकाकांचीच फूस असते. टाकळ्यावर पोसणाऱ्या ग्रास यलो फुलपाखराला उरलेला पुरतो.

काय वेगळं करता आलं असतं

कंत्राट आधी बदलायला हवं होतं. रोपं आणण्यापूर्वी, खड्डे घेण्यापूर्वी. एका वर्षाच्या अळ्या या क्रमामुळे गेल्या. कुठल्याही सोसायटीने मला आज बोलावलं तर मी झाडांची यादी देण्याआधी कंत्राटाची प्रत मागतो.

ऊन कुठे, किती वेळ पडतं हे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दोन्ही वेळा पाहून मग जागा ठरवायला हवी होती. उंच इमारतींमध्ये सावली ऋतूप्रमाणे बरीच सरकते. धायटीला पोडियमची पश्चिम कड मिळाली असती तर ती आज फुललेली असती.

डेंग्यूची बैठक ताप आल्यावर नाही, जूनमध्येच घ्यायला हवी होती. हिरवळ आणि मच्छर यांची सांगड लोकांच्या मनात पक्की असते. कोरडा दिवस पहिल्या वर्षीच सुरू झाला असता तर बाग संशयाच्या फेऱ्यात आली नसती, आणि कदाचित ती मुलगी आजारी पडली नसती.

माळीकाकांच्या पगाराचा प्रश्नही उशिरा सुचला. दिंडा, टाकळा, कुठलं रोप कुठे तग धरेल हे ज्ञान त्यांचं, फवारणी टाळून हाताने पिठ्या ढेकूण काढायचे जास्तीचे कष्टही त्यांचे, आणि पैसे ठेकेदारामार्फत जुन्याच दराने. दुसऱ्या वर्षी सोसायटीने त्यांना थेट वेगळं मानधन सुरू केलं. ते पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात असायला हवं होतं.

सध्या समोर असलेला निर्णय इमारतीच्या बाहेरच्या रंगकामाचा आहे. परांची लागणार, भिंती रसायनाने धुतल्या जाणार, आणि ते पाणी थेट मागच्या पट्टीत उतरणार. पावसाळ्यानंतर लगेच काम काढलं तर ते ऐन अळ्यांच्या हंगामात येतं. मागची बाजू मार्च ते मेमध्ये उरकायची, धुतलेलं पाणी ताडपत्रीवरून निचऱ्याच्या नळाकडे वळवायचं आणि या दोन्ही अटी निविदेतच लिहायच्या, असा मसुदा बाग समितीने दिला आहे. तो पुढच्या बैठकीत येईल.